ढबूचा उजवा हात

आमची वहिनी मुलांची डॉक्टर आहे. मी तिची नणंद, आणि दवाखान्याच्या काउंटरवर बसून लोकांवर खेकसणारी तिची नोकरही. घरात मी तिला अगं-तुगं करते, दवाखान्यात 'डॉक्टर' म्हणते. जिना चढता चढता हा बदल आपोआप होतो, दोघींनी बसून कधी ठरवलेला नाही.

दवाखाना एका चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे. बाहेरच्या खोलीत लांब बाकं, वजनाचा काटा आणि पोरांनी चावून चावून रंग घालवलेले लाकडी ठोकळे. आतल्या खोलीच्या दाराला पडदा आहे आणि तो नेहमी वीतभर सरकवलेला असतो. नवीन लोकांना हा गलथानपणा वाटतो. एक आजीबाई तर दर खेपेला उठून तो नीट लावायच्या आणि माझ्याकडे रागाने बघायच्या. पण वहिनीची तपासणी त्या फटीतूनच सुरू होते. बाकावर आईजवळ असतं तेव्हा मूल खरं असतं, टेबलावर ठेवलं की त्याचं पेशंट होतं, आणि पेशंट नुसता भोकाड पसरतो, असं तिचं म्हणणं. मूल चालतं कसं, कुणाकडे झेपावतं, हाक मारली की वळतं का, श्वास घेताना पोट कसं हलतं, हे सगळं तिचं बघून झालं की मग मला आतून खूण येते आणि मी नंबर पुकारते.

मोठ्या माणसांनाही ती असंच बघते. मूल कोण धरतं, पिशवी कोण धरतं आणि मोबाइल कोण धरतं. "ताप किती हे आई सांगते, ताप कुणामुळे आला हे सासू सांगते," असं ती जेवताना मला सांगायची, "आणि खरी तक्रार दोघी निघताना दारात सांगतात." म्हणून ती प्रत्येकाला दारापर्यंत सोडायला जाते. लोक म्हणतात, किती नम्र आहेत बाई. नम्र कसली डोंबलाची. तिला ते दारातलं वाक्य हवं असतं.

'सांगायची' असं मी उगाच लिहिलेलं नाही. माझा भाऊ गेल्यापासून ती जेवताना काही सांगत नाही. भाऊ इमारतींचे नकाशे काढायचा. डावखुरा होता. जेवायला शेजारी बसला की त्याचं कोपर वहिनीच्या कोपरावर आपटायचं, म्हणून लग्न झाल्यापासून त्याची जागा टेबलाच्या डाव्या टोकाला ठरलेली. लिहिताना तळव्याची कड शाईत बरबटायची आणि मग तीच शाई टॉवेलला, दाराला, वहिनीच्या पांढऱ्या कोटाला. त्यावरून ती जन्मभर करवादली. एका दुपारी तो खुर्चीत बसल्या बसल्या गेला. चहा पुढ्यात तसाच होता.

आठवड्याच्या आत वहिनीने दवाखाना उघडला. लोक म्हणाले, खंबीर आहे. मला तसं काही वाटलं नाही. दात काढल्यावर गाल कसा आपला राहत नाही, चिमटा काढला तरी दुसऱ्या कुणाला काढल्यासारखा वाटतो, तशी ती सगळीच्या सगळी झाली होती. औषधं बरोबर लिहून द्यायची, मुलांच्या पोटावर बोटं वाजवून हसवायची, घरी येऊन कपडे वाळत घालायची. रडली नाही. मीही तिच्या समोर रडायची नाही, कारण ती माझ्याकडे पेशंटच्या आईकडे बघावं तसं बघायची आणि पाणी आणून द्यायची.

भाची, म्हणजे वहिनीची मुलगी, तेव्हा पोटुशी होती. जावई मालवाहू बोटीवर, वर्षातले निम्मे महिने पाण्यावर. म्हणून ती बाळंतपणाला आली ती आमच्याकडेच राहिली. मुलगी झाली. गोल गोल, मानेचा पत्ता नाही, म्हणून मी तिला ढबू म्हणायला लागले आणि खरं नाव बाजूला पडलं.

वहिनीचा एक नियम फार जुना आहे. घरच्या माणसाला ती तपासत नाही. आपल्या माणसाकडे बघताना डोळे लबाडी करतात, असं ती म्हणते. भाची लहान होती तेव्हाही तिला दुसऱ्या डॉक्टरकडे नेत. तसंच ढबूला लसी टोचायला वहिनीच्या वर्गातल्या एका जुन्या मित्राकडे नेलं जायचं. तो अबोल माणूस. सुई टोचायचा, वजन बघायचा आणि "आजी आहे ना घरात, मग मी काय वेगळं बघणार," म्हणून हसायचा. त्याला वाटत होतं आजी डोळ्यांत तेल घालून बघत असेल. आजीला वाटत होतं तो बघतोय. भाचीला वाटत होतं, दोन दोन डॉक्टर आहेत, आपण कशाला चिंता करा.

ढबू वस्तू धरायला लागली तेव्हा पहिल्यापासून डावा हात पुढे करायची. चमचा, माझा चष्मा, भाचीची वेणी, सगळं डाव्या हाताने. एकदा जेवणाच्या टेबलावर तिने वहिनीच्या हातातलं केळं डाव्या हाताने हिसकावलं. वहिनी थांबली. भावाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा हसली. "गेले, पण हात ठेवून गेले," म्हणाली.

त्या दिवसापासून घरात ढबूचा डावा हात म्हणजे काय विचारू नका. बोटीवर जावयाला सांगितलं गेलं. फोनवर मावशांना सांगितलं गेलं. वहिनी दवाखान्यातून आली की कोट काढायच्या आधी ढबूच्या डाव्या बाजूला जाऊन बसायची आणि तो हात आपल्या ओंजळीत घ्यायची. खुळखुळा डावीकडे, वाटी डावीकडे, पाळण्यावरचं टांगलेलं चित्रसुद्धा मी तिच्या सांगण्यावरून डावीकडे सरकवलं. घरात काहीतरी परत आल्यासारखं मला वाटत होतं आणि मी खूश होते.

मग एक दिवस दवाखान्यात एक मोटार शिकवणारा गृहस्थ आला. ढबूएवढाच मुलगा कडेवर, आणि सर्दी बाजूला ठेवून बढाईच जास्त. "डॉक्टर, आमच्या सात पिढ्यांत कुणी नव्हतं, हा डावखुरा निघाला. उजव्याला हातच लावत नाही."

वहिनीने पाढा म्हणावा तसं म्हटलं, "वर्षाच्या आत कुठलंच मूल डावखुरं नसतं. एकच हात वापरत असेल तर दुसऱ्या हाताकडे बघायचं."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की रस्त्यावरच्या हॉर्नसारखं ते मला ऐकूच येत नाही. पण त्यानंतर आत जी शांतता झाली ती ऐकू आली. मी फटीतून बघितलं. वहिनी त्या मुलाचा डावा हात अलगद दाबून धरून बसली होती आणि त्याच्या उजवीकडे तिने ठोकळा धरला होता. मुलाने एकदा चिडून बघितलं आणि उजव्या हाताने ठोकळा तर घेतलाच, पुढच्या झटक्यात तिचा चष्माही ओढला. बाप हसत सुटला. तो त्याला नेहमी एकाच कडेवर घ्यायचा, उजवा हात बापाच्या अंगाखाली दबलेला असायचा, एवढंच होतं ते.

"कड बदलत जा," वहिनी म्हणाली. एरवी ती अशा वेळी बापाची मस्त फिरकी घेते. आज नाही घेतली. दारापर्यंत सोडायलाही गेली नाही. त्यानंतरची सगळी मुलं तिने बघितली, एकही घाईत नाही, एकाचंही औषध चुकलं नाही. शेवटचा पेशंट गेल्यावर मला म्हणाली, "चल घरी." मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काही नाही झालं अजून."

घरी भाची ढबूला भरवत होती. वहिनी चपला न काढताच फरशीवर बसली. ढबूला मांडीत घेतलं, डावा हात आपल्या हाताखाली ठेवला आणि उजवीकडे तिचा लाडका चमचा धरला.

ढबूने चमच्याकडे बघितलं. डावा हात ओढायचा प्रयत्न केला. मग सगळं अंग वळवून ती तोंडानेच चमचा पकडायला निघाली. उजवा हात छातीशी तसाच होता, मूठ वळलेली, अंगठा आत. वहिनीने ती मूठ एकेक बोट करून उघडली. सोडल्यावर ती परत मिटली.

"काय करतेयस?" भाचीने विचारलं.

"बघतेय."

"अगं पण ती डावखुरी आहे ना."

"एवढ्यात कुणी डावखुरं नसतं. हिचा उजवा हात चालत नाहीये नीट. मेंदूच्या डॉक्टरला दाखवायला हवं." वहिनीचा आवाज दवाखान्यातला होता. वाईट सांगायचं असेल तेव्हा ती बसून सांगते आणि 'घाबरू नका' असं कधी म्हणत नाही. तेव्हाही म्हणाली नाही.

भाची चमचा धुवायला गेली आणि न धुता परत आली. "तूच म्हणालीस. बाबांचा हात आहे असं तूच म्हणालीस."

"हो. मीच म्हणाले."

"झबलं घालताना तो हात बाहीत जायचाच नाही. रोज. मला वाटायचं विचारावं. मग वाटायचं, काही असतं तर तू बोलली असतीस की." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. वहिनी ढबूची मूठ धरून बसून राहिली आणि तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही हललं नाही. मला तेव्हा तिचा मनस्वी राग आला.

मेंदूच्या डॉक्टरने डोक्याचा फोटो काढायला लावला. मेंदूच्या डाव्या बाजूला, जी उजवा हात चालवते तिथे, एक लहानसा डाग होता. पोटात असताना रक्त पोचलं नसेल किंवा जन्मताना, नक्की सांगता येत नाही म्हणाला. मुलगी चालेल, बोलेल, शाळेत जाईल. हात मात्र मागे राहील, आणि किती मागे राहील ते आत्तापासून किती मेहनत घ्याल त्यावर आहे. जेवढं लवकर, तेवढं बरं. भाचीने हळूच विचारलं, "पोटात होती तेव्हा मी फार रडले होते. त्याने झालं का?" तो नाही म्हणाला, ठाम नाही म्हणाला. वहिनीने मान वर करून मुलीकडे बघितलं. त्या महिन्यांत आपली मुलगी रडत होती हे ती जणू आत्ता ऐकत होती.

मग व्यायाम शिकवणारी बाई आली. तिने सांगितलं, रोज थोडा वेळ डाव्या हातावर मऊ मोजा चढवायचा, मनगटाशी बांधायचा आणि खेळणी उजवीकडे ठेवायची. चांगला हात मोकळा असला की मूल दुसऱ्याला विसरूनच जातं. आपणही विसरतो, असं ती सहज म्हणाली. तिला बिचारीला काय माहीत.

पहिल्या दिवशी भाचीने मोजा चढवला. ढबूने असा काही आकांत मांडला, की भाचीने तो तिथल्या तिथे ओढून काढला. "मला नाही जमणार. आत्या, तू?"

मी म्हटलं, माझ्याकडे बघू नकोस. वेडेपणा होता, कबूल. फोटोत डाग डोळ्यांनी बघून आले होते मी. तरी तो माझ्या भावाचा हात होता, आणि तो मी बांधणार नव्हते.

वहिनी उठली. "दे इकडे," म्हणाली. ढबूला आणि मोजा घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

आम्ही दोघी बाहेर बसलो. आतून आधी ढबूचं ओरडणं आलं. मग वहिनीचा दवाखान्यातला, सपाट आवाज. "नाही. हा नाही. त्या हाताने घे." ढबू आणखी ओरडली. "त्या हाताने घे, राणी. मी धरते, तू घे." खुळखुळा फरशीवर पडल्याचा आवाज आला, परत उचलल्याचा, परत पडल्याचा. बराच वेळ असंच चाललं. मग वहिनी म्हणाली, "तो नाही मिळणार आता. नाही मिळणार, ढबू. कितीही ओरडलीस तरी नाही मिळणार." शेवटच्या शब्दाला आवाज फाटला.

भाची ताडकन उठली. "ढबू फार रडतेय."

"दोघी रडतायत," मी म्हटलं.

ती दाराकडे निघाली तशी मी तिचं मनगट धरलं आणि तिला खाली बसवलं. भावाला जाऊन वर्ष उलटून गेलं होतं आणि वहिनीचं रडणं मी पहिल्यांदा ऐकत होते. ते थांबेपर्यंत मी कुणालाही आत जाऊ देणार नव्हते.