मुलगी कोणत्या लिंगाची?

संत्रं सोललं, की उमरावतीच्या घरातलं ते कोंदट माजघर आठवतं. अकोल्याची मंडळी मला पाहून बैठकीत बसली होती. निकाल लागेतो मला बाहेर यायची बंदी. पाहुण्यांसाठी संत्री सोलत होते. शेजारी जर्मनीला शिकायला निघालेला भाऊ घोकून राहिला होता: पुरुषाला ‘डेर’, बाईला ‘डी’, पण मुलीला ‘डास’, म्हणजे नपुंसकलिंग. “पोरगी नपुंसक कावून?” मला हसू आवरेना. “त्यायचं व्याकरणच तसं हाय,” तो म्हणाला. तेवढ्यात बैठकीतून मुलाच्या मामांचा आवाज आला, “स्थळ चांगलं हाय. त्याले आजच हो म्हनून टाका.” स्थळ म्हणजे मी. आणि ‘ते’ स्थळ, म्हणून ‘तिले’ नाही, ‘त्याले’. हातातली फोड तशीच राहिली. पुढे जन्म अकोल्यात गेला. जर्मन काही आलं नाही. पण मुलगी कोणत्या लिंगाची, हे विचाराल तर आजही चुकणार नाही.