बेटाच्या गोधडीची चोरी

मुंबई पोलिसात खून-दरोड्यांचे तपास केले, पण डोक्यातून जात नाही ती एका गोधडीची चोरी. हसू नका.

निवृत्तीनंतर शारजाला, अल मजाजमधल्या एका टॉवरचा सिक्युरिटी ऑफिसर होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सहाव्या मजल्यावर एक स्कॉटिश मॅडम राहायच्या. त्यांचं गाव म्हणजे चिमुकलं बेट. एक धक्का, एक शाळा, एक टेकडी, बस्स. त्या निघाल्या तेव्हा प्रत्येक घराने आपल्या घराचं चित्र कापडावर शिवून तुकडा दिला, त्या तुकड्यांची ही गोधडी. बेटावर कोणी कुलूप लावत नाही, म्हणून मॅडम इथेही दार उघडंच ठेवायच्या. एका सकाळी गोधडी गायब!

मजल्यावर तेव्हा सफाईवाला होता. मॅनेजर म्हणाला, "खलास! उद्या व्हिसा कॅन्सल." तो बिचारा माझ्या पाया पडायला लागला. मी एक दिवस मागून घेतला. वॉचमनचा जबाब ठाम होता, की बोचकं घेऊन कोणी बाहेर गेलं नाही. म्हणजे माल इमारतीतच.

शेजाऱ्यांचे जबाब घेतले. सगळ्यांचा पहिला प्रश्न, "काय काय गेलं?" फक्त त्याच मजल्यावरच्या पुण्याच्या वहिनींनी विचारलं, "कोणाला पकडलं?" हे मी मनात ठेवलं. मॅडम म्हणाल्या, समोर नव्याने आलेल्या वसईच्या बाईंनी नुकताच गोधडीला आपला तुकडा जोडला होता.

वहिनींकडे जाऊन बसलो. म्हटलं, "सफाईवाल्याला उद्या विमानात बसवतायत."

त्यांचा चेहराच उतरला. "त्याला कशाला? काका, मॅडम आजारी होत्या तेव्हा पेज मी करून दिली. दुबईचा मीना बाजार मी दाखवला. आणि तुकडा जोडायला बोलावलं कोणाला? काल आलेल्या त्या वसईवालीला! जळफळाट झाला माझा!" रडत रडत त्यांनी कपाटातून गोधडी काढली. वसईचा तुकडा तेवढा उसवलेला, बाकी एका टाक्यालाही धक्का नाही.

मॅडमनी तक्रार मागे घेतली. गोधडीवरची दोन घरं दाखवून म्हणाल्या, "या दोघांचं कुरणावरून भांडण आहे, वर्षानुवर्षं अबोला. पण लाँच एकच, धक्का एकच. जाणार कुठे? घरं शेजारी, म्हणून तुकडेही शेजारी." मग त्यांनी वहिनींच्या हातात सुई दिली. "तिचा तुकडा तुम्हीच परत लावा. तुमचा त्याच्या बाजूला."

वहिनींनी धुसफुसत का होईना, दोन्ही तुकडे लावले. सफाईवाल्याची नोकरी वाचली.

माणूस पैशापायी चोरी करतो, हे खात्यात शिकलो होतो. आपल्याला वगळलं म्हणूनही करतो, हे शारजात कळलं. आणि खरं सांगू? त्या बेटाचा मलाही हेवा वाटला. मुंबईत माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं, मला ठाऊक नाही. भांडायचं म्हटलं तरी सोय नाही.