सगळ्यांना एकच अंतर

अक्कांच्या दुकानात एंटरची कळ लागोपाठ दोनदा दाबायला बंदी होती. एखादं गिऱ्हाईक स्वतःचा मजकूर स्वतः टाइप करतो म्हणालं, तर त्या खुर्ची द्यायच्या. पण दोन परिच्छेदांमध्ये जागा सोडायला त्यानं टक टक केलं की पाठीमागून आवाज यायचा, "उठा." मग तो वकील असो, प्राध्यापक असो, नाहीतर पतसंस्थेचा संचालक. पीएच.डी.चा प्रबंध घेऊन आलेल्या एका माणसाला त्यांनी अर्ध्या प्रकरणावरून उठवलेलं मी पाहिलंय. "आंतर ठिवायचं तर त्याची रीतसर सोय हाय. रस्त्यात धोंडं मांडल्यागत ह्या रिकाम्या वळी कशाला?" असं वर ऐकवलंही.

सांगलीच्या मार्केट यार्डामागच्या बोळात त्यांचं दुकान. आधी टायपिंगची संस्था होती. ती मशीनं भंगारात गेल्यावर संगणक आले. माहेर-सासर दोन्ही पलूसकडचं, जैन शेतकऱ्यांचं. त्यांच्याहून मोठी माणसंही त्यांना अक्काच म्हणायची. नम्रपणाच्या वाटेला त्या कधी गेल्या नाहीत. "सांगलीत माझ्यासारखं पान कोण लावत न्हाई," हे त्या पावती फाडता फाडता सांगायच्या, आणि समोरच्यानं मान डोलावली नाही तर पुन्हा सांगायच्या. दिवस मावळायच्या आत जेवण हा घरचा नेम, त्यामुळे खिडकीतलं ऊन उतरलं की ओळ अर्धी असली तरी मशीन बंद. घाई आहे म्हणणाऱ्याला उत्तर ठरलेलं: "मग सकाळी लौकर उठा की."

मी गुळाचा व्यापारी. कोरेगाव तालुक्यातून सांगलीत आलो तेव्हा ढेपा उचलायचो. आज यार्डात माझा स्वतःचा गाळा आहे. भाव केल्याशिवाय मी केससुद्धा कापून घेत नाही. अक्कांकडे पहिल्यांदा लेटरहेड करायला गेलो, दर ऐकला आणि नेहमीप्रमाणे उठून दारापर्यंत गेलो. समोरचा हाक मारतोच, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. अक्कांनी हाक मारली नाही. "जाताना दार वडून घ्या, धूळ येती," एवढंच म्हणाल्या. मीच मागं फिरलो. सांगली-साताऱ्यात मला उठवून पुन्हा बसवणारं ते एकच माणूस.

त्यांच्याकडून दर कमी करून घ्यायला मला एकदाच जमलं, आणि त्या एकदाचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. राग अक्कांवर नाही, गावावर.

आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. माजी सैनिकांच्या समितीनं यात्रेला स्मरणिका काढायची ठरवली. गावातल्या प्रत्येक फौजीचा एक परिच्छेद, भरतीच्या क्रमानं. समितीचे चिटणीस आमचे शाळेतले गुरुजी. त्यांनी मला फोन केला की तुझी सांगलीत ओळख आहे, तुझ्यासारखा भाव करणारा गावात नाही, तेवढं स्वस्तात करून दे. मी फुगलो. अक्कांच्या दुकानात जाऊन अख्खी दुपार घासाघीस केली. शेवटी फौजेतल्या माणसांचं काम म्हणून त्या खाली आल्या. गुरुजी फाईल घेऊन आले, अक्कांनी पहिली प्रत काढून माझ्या हातात दिली. मी पानं उलटली. पुन्हा उलटली. माझ्या वडलांचं नाव त्यात नव्हतं.

आप्पा फौजेत स्वयंपाकी होते. भरती झाले, वर्दी घातली, बर्फात राहिले, पेन्शन घेऊन घरी आले. आई सांगायची की वरच्या चौकीपर्यंत भाकरी गरम राहावी म्हणून ते डबा कोटाच्या आत पोटाशी बांधून दोर धरून चढायचे. पोटावर भाजल्याचा डाग शेवटपर्यंत होता. तिनं सांगितलेला हा मजकूर मीच गुरुजींना पाठवला होता. मी टेबलावर हात आपटला. गुरुजी शांतपणे म्हणाले की तुझ्या वडलांबद्दल आदर आहे, पण जागा नाही. छपाई सोळा सोळा पानांच्या फर्म्यात होते, शेवटचा फर्मा काठोकाठ भरलाय, एक परिच्छेद वाढला तर नवा फर्मा चढेल. हिशोबाचं बोलणं. माझ्यासारख्याचं तोंड बंद करायला असंच बोलणं लागतं, हे त्यांना ठाऊक होतं.

अक्कांनी चष्मा चढवला आणि फाईल उघडली. "जागा नसती असं हुईत न्हाई, गुरुजी," त्या म्हणाल्या. "कुणीतरी अडवून बसलेलं असतंय. बघू तर कोण बसलंय."

त्यांनी लपलेल्या खुणा दाखवणारं बटण दाबलं. जिथं जिथं एंटर मारलाय तिथं तिथं एक उलट्या तोंडाची खूण उभी राहते. पडदा नुसता वळवळायला लागला. गुरुजींनी घरी बसून हौसेनं टाइप केलेलं. दर माणसाखाली रिकाम्या ओळींची रांग. अक्कांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की शाळेत आम्ही ज्या नजरेला भ्यायचो ती नजर गुरुजींना परत मिळाली. मग अक्कांनी शोधा-बदला करून जोड एंटर एका झटक्यात काढून टाकले. मी पुढं सरकून पाहिलं. पानं जराशीच कमी झाली होती. निम्म्या परिच्छेदांच्या वर-खाली अजून तेवढीच पांढरी पट्टी. गुरुजी हसले आणि मी सांगत होतोच म्हणाले.

अक्कांना हसलेलं खपायचं नाही. त्यांनी सगळा मजकूर निवडून काळा केला, आधीची जागा शून्य, नंतरची जागा शून्य असं टाकलं. आता सगळं एकमेकांना असं चिकटलं की कुठला सुभेदार कुठं संपतो आणि कुठला नाईक सुरू होतो ते कळेना. तो प्रयत्न त्यांनी स्वतःच रद्द केला. "आसं न्हाई. ह्यो आडाणीपणा झाला," म्हणाल्या. मग एकच परिच्छेद धरून त्यात शिरल्या. घरोघरची पोरंबाळं व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर पाठवायची, कुणी कुठल्या पानावरून उचलून डकवायचं, गुरुजी ते तसंच आणून चिकटवायचे. प्रत्येक जण आपापली जागा बरोबर घेऊन आला होता. एकाच्या अंतराच्या चौकटीत मोठा आकडा, दुसऱ्याच्यात त्याहून मोठा, आणि कित्येकांच्यात आकडाच नाही, 'ऑटो' लिहिलेलं.

"ह्ये बघा," अक्का मला म्हणाल्या. "ज्याला त्याला वाटंल तेवढं घर."

मग त्यांनी एक साचा केला: अक्षर तेच, ओळींमधलं अंतर तेच, परिच्छेदाखाली थोडीशी जागा, सगळ्यांना सारखी. सुभेदार, हवालदार, शिपाई, सगळे त्यातून काढले. इंग्रजीतली पलटणीची नावं वेगळ्या अक्षरात असल्यामुळं काही ओळी उगाच उंचावलेल्या होत्या, त्यांना खाली बसवलं. पानं भराभर वर सरकली आणि शेवटच्या पानाचा अर्ध्याहून जास्त भाग मोकळा झाला. सौद्यात समोरच्याचं शेवटचं कारण संपतं तेव्हा आपण बोलायचं नसतं.

गुरुजी बाहेर गेले. बोळात उभं राहून त्यांनी अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्ष म्हणजे निवृत्त सुभेदार, गावात त्यांच्यापुढं कुणी बोलत नाही. बराच वेळ हूं हूं झालं. आत येऊन गुरुजी म्हणाले की हरकत नाही, घेऊया; फक्त सगळे जवान संपले की चांगलं दोन बोटं अंतर सोडायचं, 'सहायक सेवा' असा मथळा द्यायचा आणि त्याखाली तुझे वडील.

अक्का खुर्चीतच वळल्या.

"मघाशी जागा न्हवती," त्या म्हणाल्या. "आता सोडायला बी जागा आली व्हय?"

खिडकीतलं ऊन उतरायला लागलं होतं. गुरुजींनी सांगून पाहिलं की हा समितीचा निर्णय आहे, तुम्ही फक्त टाइप करायचं. अक्का म्हणाल्या की ते खरंय, पान मात्र माझं आहे. "माझ्या पानात सगळ्यास्नी एकच आंतर. कुणाला ज्यादा पायजे आसंल तर फाईल घ्या आन दुसरं दुकान बघा. यात्रा कवा हाय तुमची?"

यात्रा तोंडावर होती. दुसरं दुकान शोधायचं, पुन्हा दर ठरवायचा, आणि भाव करणारा तर मीच. मी गुरुजींच्या हातातून फोन घेतला आणि अध्यक्षांना सांगितलं की मथळा चालेल, पण त्याच्याखाली ही माणसं वेगळी का बसवली ते एका ओळीत लिहा आणि खाली तुमची सही करा.

"गड्या, तुझ्या बापानं गोळी न्हाई झाडली," अध्यक्ष म्हणाले.

"तुमी काय उपाशी झाडली?" मी विचारलं.

ते बोलणं पुन्हा मथळ्यावर नेत राहिले, मी पुन्हा सहीवर. सही करायला ते तयार नव्हते, आणि ज्या कारणाखाली माणूस सही करत नाही ते कारण त्यालाही पटलेलं नसतं, एवढं मला यार्डानं शिकवलंय. शेवटी मथळा सोडून त्यांनी फोन ठेवला. अक्कांनी आप्पांचा परिच्छेद भरतीच्या क्रमात बसवला, साच्यातून काढला आणि मशीन बंद करून जेवायला निघून गेल्या. माझे आभार ऐकायलाही थांबल्या नाहीत.

यात्रेत पुस्तक निघालं. आईला वाचता येत नाही. मी पान काढून दाखवलं. तिनं त्या ओळींवर बोट ठेवलं, मग वर नेलं, मग खाली. "वर कोण रं? आन खाली?" मी सांगितलं, वर सुभेदार शिंदे, खाली नाईक माने. ती म्हणाली, "ह्यास्नी रोज जेवाय घातलंय त्यांनी." आणि पुस्तक पदरात गुंडाळून घरी घेऊन गेली.

त्यानंतर आमच्या गावातून अक्कांकडे एक कागद आला नाही. लग्नपत्रिका नाही, सोसायटीचा अहवाल नाही. बाई भांडकुदळ आहे, असं पसरवण्यात आलं. मी हे त्यांना चिडून सांगायला गेलो तर म्हणाल्या, "खरंच हाय की." वर मलाच झापलं की गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे, गिऱ्हाइकासाठी पान नासवलं तर सांगलीभर तोंड दाखवायचं कसं. मी त्यांना माझी सगळी कामं द्यायला लागलो. दर पुन्हा कधीच कमी केला नाही त्यांनी, आणि मीही कुरकुर करायचं थांबवलं नाही. आमची मैत्री म्हणायची तर ती एवढीच.

गेल्या वर्षी अक्का गेल्या. दुकानाच्या जागी आता मोबाईलची काच बदलणारा बसतो. यार्डातून घरी जाताना मी त्या बोळातून जात नाही, लांबून जातो.

आणि परवा अध्यक्षांचा फोन आला. समिती स्मरणिकेची दुसरी आवृत्ती काढतेय. मी खर्च उचलावा अशी सगळ्यांची इच्छा आहे. बदल्यात आप्पांचा मोठा रंगीत फोटो, एक अख्खं पान, अगदी सुरुवातीला, सगळ्या सुभेदारांच्याही आधी. असा सौदा मला आयुष्यात कुणी देऊ केला नव्हता. समोरचा पुरता खाली आलेला, आणि भाव मी सांगेन तो.

मी म्हणालो, खर्च मी करतो. पान नको.

अध्यक्षांनी 'पान नको?' म्हणून खात्री करून घेतली आणि विचारलं, "मग तुला पायजे तरी काय, गड्या?"

शिंद्यांच्या खाली आणि मान्यांच्या वर, मी म्हणालो. आन आंतर शिंद्यांना जेवढं, तेवढंच.