उभ्या गाडीची ट्रायल

नर्मदेकाठच्या शहरात, चेरीतालच्या गल्लीत कुणी 'लाईट गेली' असं म्हटलं की सुखरामजी रामटेके चिडायचे. "गेली म्हणजे? माहेरी गेली का ती? सप्लाय बंद झाला म्हणा." उभा जन्म खांबावर काढलेला लाइनमन. विजेबद्दल कुणी सैल बोललेलं त्यांना आजही खपत नाही, मग समोर जावई असो की नगरसेवक.

माणूस तापट, पण विजेपुढं अगदी लहान लेकरू. नोकरीत असताना त्यांनी जंगलाकडच्या कितीतरी गावांत लाईन ओढली. पहिला बल्ब पेटला की गावातल्या म्हाताऱ्या हात जोडायच्या. बाकीचे लाइनमन तोंड फिरवून हसायचे. सुखरामजींना कधी हसू आलं नाही, उलट त्यांचेच डोळे भरून यायचे. कोस न् कोस लांबून एका तारेतून काहीतरी येतं, दिसत नाही, वाजत नाही, आणि अंधारातल्या घरात माणसांचे चेहरे उमटतात. याची सवय लोकांना कशी होते, हेच त्यांना कळत नसे.

आणि आता ही वीज त्यांच्याच घरात श्वासाला लागत होती. बायको भागीरथाबाई. "फुफ्फुसं कडक झालीत," डॉक्टर म्हणाले, आणि पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन येऊन बसलं. ते खोलीतलीच हवा ओढतं, तिच्यातला ऑक्सिजन वेगळा करतं आणि नळीतून नाकापर्यंत पोचवतं. घुर्र-फुस्स, घुर्र-फुस्स, दिवसरात्र. नळी लांब होती, पण लांब म्हणजे किती? स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापर्यंत. तिथं खुर्ची टाकून भागीरथाबाई लेकीला फोडणीचं शिकवायच्या. बाहेर जाणं म्हणजे फक्त डॉक्टरकडं, तेही लहानसा सिलिंडर मांडीवर घेऊन, त्याच्या काट्यावर डोळा ठेवून. जी बाई सगळ्या गल्लीची बाळंतपणं आणि भांडणं निस्तरत हिंडायची, तिचं जग नळीएवढं झालं होतं.

यंदा वैशाखात एका दुपारी आंधी सुटली. कोपऱ्यावरच्या निंबाची फांदी तारांवर पडली आणि सप्लाय बंद. इन्व्हर्टरनं थोडा वेळ दम धरला, मग टूं-टूं करून मान टाकली. लेक श्रद्धा बँकेत, गाडीही तिच्यासोबत. सुखरामजींनी सिलिंडर जोडला आणि विजेच्या ऑफिसात फोन लावला, "अरे भैया, मैं रामटेके बोल रहा हूँ, पुराना लाइनमैन."

"कौन रामटेके?" फोन उचलणारा नवा होता.

सिलिंडरचा काटा खाली खाली येत लाल पट्टीत गेला. भागीरथाबाईंचे ओठ निळे पडायला लागले. सुखरामजी तिचा हात धरून बसले होते आणि खिडकीतून तो मेला खांब दिसत होता. कुणीतरी चढलं, फांदी कापली, सप्लाय आला. अगदी थोडक्यात निभावलं. त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा सुखरामजी विजेवर रुसले.

संध्याकाळी श्रद्धानं विषय काढला. "बाबा, आपली गाडी देऊन नवीन घेऊ का? एक्सचेंज चालू आहे." तिची जुनी गाडीही इलेक्ट्रिकच, ठणठणीत चालणारी. "हिच्यात ना, वीज फक्त आत जाते. नवीनवालीत बाहेर पण येते. मागच्या सीटखाली सॉकेट असते. सप्लाय बंद झाला की गाडी खिडकीशी लावायची, आईची मशीन सीधा त्याच्यावर चालेल."

सुखरामजी ताडकन उठले. "चालती गाडी काहून काढून राहिली तू? आन् वीज बाहेर येते म्हणते! वीज उलटी आली ना पोरी, तर माणूस खाऊन टाकते."

जुन्या गाडीवर त्यांचा जीव होता, खरं आहे. तिचा चार्जिंग पॉइंट त्यांनी स्वतःच्या हातानं बसवला होता, अर्थिंगचा खड्डा मीठ-कोळसा घालून स्वतः भरला होता. पण भीती वेगळीच होती. वीरेंद्र नावाचा त्यांचा जोडीदार होता, एका ताटात जेवणारा. एकदा लाईन रीतसर बंद करून तो निर्धास्त वर चढला. खाली गावात एका लग्नघरी कुणी शहाण्यानं जनरेटर सरळ घरच्या वायरिंगला जोडला आणि सुरू केला. करंट उलटा निघाला तो तारेवर गेला. बंद तारेनं वीरेंद्रला नेलं. सुखरामजींनीच त्याला खाली उतरवला होता. तेव्हापासून कुणाच्या घरी जनरेटर दिसला की ते आधी त्याची वायर कुठं जाते ते बघतात, मग 'जय भीम' म्हणतात.

श्रद्धा म्हणाली, "बाबा, वीज तुमची, आई पण तुमची. तुम्ही नाही म्हटलं तर नाही."

पलंगावरून भागीरथाबाई म्हणाल्या, "न पाहताच काय नाक मुरडून राहिले जी? पाहून तर या."

"पाहीन तर नीट पाहीन," सुखरामजी फणकारले. "तूही चाल. मशीनही घेऊ."

अशी ती वरात शोरूमला पोचली. सिलिंडर मांडीवर घेतलेल्या भागीरथाबाई, डिकीत मशीन, आणि खिशात टेस्टर खोचलेले सुखरामजी. आलोक नावाचा हसतमुख सेल्समन पुढं आला. "आइए अंकल, टेस्ट ड्राइव कर लीजिए."

"ड्राइव नहीं. खड़ी रखो."

"जी?"

"गाड़ी खड़ी रखो. वो बीच मैदान में. दीवार से दूर."

बिचाऱ्या आलोकला गाडी पळवून बघणारी माणसं ठाऊक होती. उभी करून बघणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. त्यानं मुकाट्यानं गाडी अंगणाच्या मध्यावर नेऊन लावली. सुखरामजी तिच्याभोवती हिंडले. मग पांढऱ्या शर्टाची पर्वा न करता फरशीवर आडवे झाले आणि गाडीच्या पोटाखाली डोकावले. तार नव्हती. उठून त्यांनी पत्र्याला हाताची उलटी बाजू लावली; लाइनमन नेहमी तसंच शिवतो, झटका बसलाच तर हात आपसूक मागं येतो. काही झालं नाही. मग सीटखालच्या सॉकेटात टेस्टर घातला. टेस्टरचा दिवा लागला.

त्यांनी भागीरथाबाईंना मागच्या सीटवर बसवलं, मशीन पायाशी ठेवलं, प्लग लावला. क्षणभर काहीच नाही. मग मशीननं टूं केलं आणि सुरू झालं. घुर्र-फुस्स, घुर्र-फुस्स.

सुखरामजींनी चहूकडं नजर फिरवली. ना खांब, ना तार, ना ट्रान्सफॉर्मर. चारही बाजूंना मोकळी फरशी, आणि मधोमध त्यांची बायको श्वास घेत होती.

"ये आ कहाँ से रही है?" त्यांनी हळूच विचारलं.

"बैटरी से, अंकल."

"अरे, वो मालूम है मेरे को." मालूम तर होतंच. पण मालूम असल्यानं नवल कमी होतं, असं कुणी सांगितलं? ते पुन्हा वाकले, पुन्हा पाहिलं. या विजेच्या दुसऱ्या टोकाला खांबच नव्हता. खांब नाही म्हणजे खांबावर कुणाचं लेकरू नाही. इतक्या वर्षांनी त्यांना वीरेंद्रचं नाव मोठ्यानं घ्यावंसं वाटलं, आणि त्यांनी घेतलं. आलोकला काही कळलं नाही, श्रद्धाला कळलं.

चहा आला, निवला. सुखरामजी गाडीच्या दाराशी स्टूल टाकून मशीनकडं टक लावून बसले. शोरूममधली पोरं येऊन उभी राहिली, तीही उगाच हळू बोलायला लागली. बराच वेळ गेला तरी मशीन एकदाही अडखळलं नाही.

तेवढ्यात गाडीतून भागीरथाबाईंचा आवाज आला. "आता चालवा."

"काय?"

"गाडी हो. चालवा म्हटलं. मशीन तं चालूच राहीन ना?"

सुखरामजींनी, श्रद्धानं, सगळ्यांनी हिशेब केला होता तो सप्लाय बंद झाल्याचा, खिडकीशी उभ्या केलेल्या गाडीचा. ही गाडी चालतेसुद्धा, आणि चालताना हिचा श्वासही चालेल, हे त्या हुशार माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"कहाँ चलें, अम्मा?" आलोकनं विचारलं.

"तिलवारा घाट. नर्मदेवर."

"ट्रायल तो बस चौराहे तक की..." असं तो म्हणत होता, पण भागीरथाबाईंच्या तोंडाकडं पाहून त्यानं वाक्य गिळलं आणि पुढच्या सीटवर बसून पट्टा लावला. चाक श्रद्धानं धरलं.

गाडी निघाली तशी भागीरथाबाईंनी काच खाली केली. "अव माय, इथं केवढं दुकान झालं! हा रस्ता कधी रुंद केला? अन् तो चाटवाला कुठं गेला?" प्रत्येक चौकात त्या मान वळवून वळवून बघत होत्या, जत्रेतल्या पोरीसारख्या. सुखरामजींना बाहेरचं काही दिसत नव्हतं. ते एकदा मशीनकडं पाहत, एकदा तिच्या ओठांकडं. ओठ गुलाबी होते.

घाटापाशी श्रद्धानं गाडी नेता येईल तितकी खाली नेली. सुखरामजींनी दार उघडलं. घरची लांब नळी सोबत होतीच. भागीरथाबाईंनी त्यांच्या खांद्याला धरून पाय खाली टेकले. एक पाऊल, मग दुसरं. नळी दारातून उलगडत मागं मागं आली. समोर नर्मदा, या काठापासून त्या काठापर्यंत नुसती उन्हात झळकत होती.

"बापा रे," भागीरथाबाई म्हणाल्या. "एवढी मोठी हाय ही? मी तं विसरूनच गेली होती."

त्यांनी खोल श्वास घेतला. मागं गाडीत घुर्र-फुस्स चालू होतं. सुखरामजींना रडू आवरेना, आणि त्यांनी ते आवरलंही नाही. माणसानं केलेल्या कुठल्या वस्तूला हात जोडावेत असं त्यांना वाटलं असेल, तर ते त्या घडीला. आलोक बाजूला जाऊन उगीच मोबाईल चाळत उभा राहिला.

भागीरथाबाई पुलाकडं पाहत होत्या. ट्रक एकामागून एक पलीकडं जात होते. दरवर्षी अशोक विजयादशमीला त्या नागपूरला दीक्षाभूमीवर जायच्या. मशीन घरात आलं तेव्हापासून ते बंद होतं, आणि त्याबद्दल त्या कधी चकार शब्द बोलल्या नव्हत्या.

"काहो," त्यांनी विचारलं, "हाच रस्ता नागपूरला जाते ना?"

"हाच जाते," सुखरामजी म्हणाले. मग डोळे पुसून लेकीकडं वळले. "जुनी देऊन टाक, बाई."