दोनशे ठिपक्यांचा गाव

गेल्या वर्षी मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली असं कोणी विचारलं तर मी सांगेन, संगणकाच्या पडद्यावरच्या एका निळ्या ठिपक्याची. लोक हसतील. हसू देत. माझा नवरा तर रोजच हसायचा. "काय, आज तुझा ठिपका जेवला का?" असं विचारत जेवायला बसायचा मेला. पण तो ठिपका म्हणजे माझ्या वहिनीचं घर होतं, आणि तो बुडायला लागला की मी संगणकच बंद करून टाकायचे.

मी पेडण्यात उच्च माध्यमिकच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवते. माहेर डिचोली तालुक्यातलं, मांडवीच्या काठचं. चाळिशी उलटल्यावर मला पीएचडीचं खूळ लागलं, आणि विषय निवडला तोही असा की डोक्याला ताप: माणसामाणसांतली श्रीमंती-गरिबीची दरी कशी वाढते. माझे मार्गदर्शक माझ्यापेक्षा वयानं लहान. त्यांनी माझी पहिली साठ पानं चाळली आणि म्हणाले, "बाई, हे सगळं लिहून झालंय लोकांचं. तुम्ही एक छोटी अर्थव्यवस्था संगणकावर चालवून दाखवा. माणसं सोडा तिच्यात, आणि बघा काय होतं." मला तोवर संगणकावर प्रश्नपत्रिका टाईप करण्यापलीकडे काही येत नव्हतं. पण मी हट्टी. शिकले.

पहिला प्रयोग अगदी साधा होता. पडद्यावर दोनशे ठिपके, प्रत्येक ठिपका म्हणजे एक घर, आणि प्रत्येकाला सारखेच पैसे. मग कुठलेही दोन ठिपके एकमेकांना भेटणार, काहीतरी व्यवहार करणार, आणि नाणं उडवून ठरणार की फायदा कोणाचा. जे पणाला लागायचं ते दोघांतल्या गरिबाच्या ऐपतीएवढंच. लबाडी नाही, वशिला नाही, कोणी आळशी नाही की कोणी हुशार नाही. मला वाटलं, सगळे थोडे वरखाली होऊन साधारण सारखेच राहतील. बटण दाबलं आणि चहा ठेवायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर चारदोन ठिपके कलिंगडाएवढे फुगलेले, आणि बाकीचे शोधावे लागत होते. मी परत चालवलं. परत तेच. दर वेळी फुगणारे ठिपके वेगळे, पण बाकीच्यांची गत तीच. नाणं अगदी सरळ होतं हो! वर्गात मुलांना इतकी वर्षं सांगत आले होते की संधी सारखी मिळाली की पुढचं ज्याच्या त्याच्या कर्तबगारीवर. आता कुठल्या तोंडानं सांगू?

मार्गदर्शक खूश झाले. म्हणाले, आता ही दरी कशानं थांबेल ते शोधा. आणि मला आमच्या गावची पावणी आठवली.

आमच्याकडे खाजन शेती. नदीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध घातलेला, आणि त्या बांधात एक लाकडी दार. त्या दाराला आम्ही मानस म्हणतो. भरतीला ते बंद होतं, ओहोटीला उघडतं, आणि पाणी बाहेर जाताना तोंडाशी जाळं लावलं की सुंगटं म्हणजे कोळंबी, शेवटे, कुर्ल्या, जे नशिबात असेल ते मिळतं. ही मासळी धरायचा हक्क दर वर्षी बोली लावून एका घराला देतात. त्या लिलावाला पावणी म्हणतात, आणि तो पैसा बांधाच्या डागडुजीला जातो. ही झाली सांगायची गोष्ट. न सांगायची गोष्ट अशी, की गावात एखाद्या घरावर आभाळ कोसळलेलं असेल तर त्या वर्षी त्या घरानं पायाभूत, म्हणजे सगळ्यात कमी ठरलेली, बोली बोलायची आणि बाकी सगळ्यांनी तोंड मिटून बसायचं. कोणी कोणाला सांगत नाही. बैठक नाही, ठराव नाही. शेतकरी संघाचे अध्यक्ष तीन वार म्हणतात आणि विषय संपतो.

माझा भाऊ नदीतून खनिज वाहणाऱ्या बार्जीवर कामाला होता. एका सकाळी कामावर जायला चपला घालता घालता बसला तो उठलाच नाही. त्या वर्षी वहिनी काळी पडलेली, पदर डोक्यावर ओढून पावणीला गेली, पायाभूत बोली बोलली, आणि सगळा गाव गप्प राहिला. पुढच्या वर्षीही, त्याच्या पुढच्या वर्षीही. त्या मासळीवर घर चाललं आणि भाची नर्सिंगला गेली. तिचं आता शेवटचं वर्ष उरलेलं. मानस हातची गेली तर ते वर्ष कसं निघणार, याचा हिशेब मी बसमध्ये, वर्गात, देवासमोर हात जोडूनसुद्धा करत असायचे. माझ्या पगारात घराचा हप्ता आणि सासऱ्यांची औषधं जाऊन फार काही उरत नव्हतं.

तर मी ही गप्प बसायची रीत संगणकात घातली. वर्षातून एकदा पावणी, सगळ्यात खालच्या घरानं बोलायचं, बाकीच्यांनी गप्प. आणि काय सांगू, ठिपके सावरले! फुगणारे फुगले, पण बुडणारे बुडेनात. मी त्यातल्या एका ठिपक्याला निळा रंग दिला आणि त्याला वहिनीच्या घराइतकेच पैसे दिले. निळा ठिपका तगला. त्या दिवशी मी नवऱ्याला मुगाचं गोड कढण करून वाढलं.

पण अभ्यास म्हटला की उलटंही बघावं लागतं. गप्प न बसणारा एक जरी निघाला तर? मी दोनशेतला एक ठिपका बोलका केला. आणि असा नियम घातला की ज्यांनी एकदा कोणाला बोलताना पाहिलं, ते पुढच्या वर्षी स्वतःही बोलतील, कारण आपणच का गप्प बसायचं? बटण दाबलं. पाचसहा वर्षांत सगळा पडदा बोलका झाला आणि निळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा उरला. मी नियम सैल करून पाहिले, घट्ट करून पाहिले. गप्प बसणं मोडायला एक पुरत होता, आणि मोडलेलं परत जोडायला सगळे मिळूनही पुरत नव्हते.

तेव्हापासून माझी झोप उडाली. कारण तो एक कोण हे मला ठाऊक होतं. आमच्याच गावचा एक माणूस, मोरजीच्या किनाऱ्यावर त्याच्या पर्यटकांना भाड्यानं द्यायच्या खोल्या आहेत, दोन उपाहारगृहं आहेत. गेल्या दिवाळीपासून तो गावात सारखा दिसायला लागला होता. बांधावर उभा राहून मानशीकडे बघायचा. ताजी सुंगटं थेट आपल्या उपाहारगृहात न्यायची म्हणे. वहिनीनं मला फोनवर हे सांगितलं ते "आज पाव घेऊन पोदेर आला नाही" इतक्या सहज सुरात. मी मात्र हातातला खडू टाकून मैदानात जाऊन उभी राहिले.

दर रविवारी मी म्हापशाला बस बदलून माहेरी जायचे, आणि आईजवळ बसून हेच दळण दळायचे. आई जनेलातून येणाऱ्या उजेडात, लाकडी कदेलवर पाय सोडून, केरसुणीसाठी माडाच्या चुडताचे हीर सोलत ऐकायची. "आई, दोनशेत एक बोलला तरी खेळ खलास गो. मी शंभरदा चालवून बघितलंय." आई विचारायची, "आणि तो बोलायच्या आधी कोणी बोललं तर?" मी म्हणायचे, "कोणीही बोललं तरी तेच." पण 'एक बोलला तरी खेळ खलास' एवढाच अर्धा भाग तिच्या मनात रुतला, हे मला तेव्हा कळलं नाही. वहिनी आतबाहेर करत असायची. एकदा मात्र ती दारात थांबून म्हणाली, "ताई, तुमच्या त्या पडद्यावर आजारी माणसं असतात काय?" मी म्हटलं, "नाही, फक्त पैसे." ती "असं" म्हणाली आणि विहिरीवर गेली.

आजारी माणूस माहेरच्या शेजारच्याच घरात होता. शेजारणीच्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून दोनदा त्याला म्हापशाला डायलिसिसला न्यावं लागायचं. मला हे माहीत नव्हतं असं नाही. मी जाताना तिच्याकडे डोकावायचे, फळं द्यायचे, हळहळायचे. पण मानस म्हटली की माझ्या डोळ्यांसमोर एकच घर यायचं, आणि एकच शत्रू.

पावणीच्या दिवशी मी शाळेत रजा टाकली. देवळाच्या सभामंडपात गाव जमलेला. मोरजीवाला पांढऱ्या शर्टात खांबाला टेकून उभा, हातात मोबाइल. मी आई आणि वहिनीच्या मधे बसले होते. माझे हातपाय गार पडलेले. वहिनीच्या मांडीवरच्या हातावर मी हात ठेवला तर तो ऊबदार होता, आणि याचं मला आश्चर्य वाटलं.

अध्यक्षांनी पायाभूत रक्कम सांगितली. आता वहिनीनं बोलायचं. ती बोलेना. मी कोपरानं ढोसलं. "बोल गो," आई पुटपुटली. वहिनी खाली फरशीकडे बघत बसलेली. आणि मागच्या बाजूनं शेजारीण बोलली. पायाभूत बोली, तेवढीच. शब्द स्वच्छ होते.

मंडपातली डोकी तिच्याकडे वळली. तेव्हा मला उलगडलं. वहिनीनंच तिला सांगितलं होतं, यंदा तू बोल म्हणून. आम्हाला दोघींना सांगितलं नव्हतं, कारण आम्ही तिला ते करू दिलं नसतं. माझ्या मनात तिच्याबद्दल इतका राग उसळला की काय सांगू! भाचीचं वर्ष? घर? आणि त्या रागाखाली, अगदी खाली, थोडा अभिमानही होता, पण तेव्हा तो मला नकोच होता.

"एक वार," अध्यक्ष म्हणाले. मोरजीवाला मोबाइलकडे बघत होता. कोणी हललं नाही. "दोन वार."

"आणि हजार," माझ्या शेजारून आवाज आला.

आई होती. उभी राहिलेली, हातातली पिशवी छातीशी धरून. "आमच्या घरातर्फे, आणि हजार," ती म्हणाली. वहिनीनं डोळे मिटले. मी आईचा पदर ओढला, पण ती माझ्याकडे बघतच नव्हती, तिचे डोळे त्या पांढऱ्या शर्टावर खिळलेले. तो बोलायच्या आधी आपण बोलायचं, एवढंच तिनं धरून ठेवलं होतं.

मोरजीवाल्यानं मोबाइल खिशात ठेवला. शेजारणीकडे बघितलं, मग आईकडे. आणि त्यानं बोली लावली. आई चढली. तो चढला. शेजारीण एकदा चढली आणि थांबली. आईच्या पिशवीत जेवढे होते तेवढ्यापर्यंत आई गेली, आणि मग होती तिथेच खाली बसली. मानस त्याच्याकडे गेली. मंडपात गलका झाला, आणि माझ्या मागे दोघे तरुण बोलत होते की पुढल्या वर्षी आपणही चार घरं मिळून बोली लावू.

बाहेर पडताना तो माणूस वहिनीपाशी आला. मला वाटलं आता काहीतरी खवचट बोलेल, आणि मी तयारच होते. पण तो ओशाळला होता. "वहिनी," तो म्हणाला, "मी तोंड उघडणार नव्हतो. देवासमोर सांगतो. बघायला म्हणून आलो होतो. पण तुमच्याच घरानं बोली वाढवली, मग मी कोणासाठी गप्प बसायचं?" वहिनीनं पदर सारखा केला आणि ती घराच्या वाटेला लागली.

शेजारीण देवळाच्या पायऱ्यांवर चपला शोधत होती. नवऱ्याला घेऊन तिला म्हापशाची बस धरायची होती, त्या दिवशी डायलिसिसचा वार होता. आई तिच्याजवळ गेली. मी मागोमाग गेले.

"मला ठाऊक नव्हतं गो," आई म्हणाली. "सुनेनं मला काहीच सांगितलं नाही."

शेजारणीनं एक चप्पल घातली. "काकी, ठाऊक असतं तर गप्प बसली असतीस?"

माझ्या मनात आलं, आई, हो म्हण. खोटं का असेना, हो म्हणून टाक. आईनं तिच्याकडे नीट बघितलं.

"नाही," आई म्हणाली.

"मीपण नसते बसले," शेजारीण म्हणाली, दुसरी चप्पल पायात सरकवली, आणि नवऱ्याला आणायला घराकडे निघाली.