नोरामावशीचा कोरम

आपल्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तशी नोरामावशी इंग्लंडचं नाव घेत नसे. बाई नव्वदीला टेकली, पण तो शब्द काही तिच्या तोंडून फुटला नाही. 'ते शेजारचे' म्हणायची. त्यांच्या राजाचा राज्याभिषेक टीव्हीवर चालू होता तेव्हा तिनं टीव्हीवर टॉवेल टाकला. आवाज मात्र चालू ठेवला, कारण मागाहून हवामानाचा अंदाज होता.

ती अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरातल्या आयरिश हॉलची सेक्रेटरी. शंभर वर्षांपूर्वी आयर्लंडहून आलेल्या हमालांनी आणि मोलकरणींनी तिकडच्या स्वातंत्र्याच्या लढ्याला मदत पाठवायला हा हॉल बांधला. आम्ही जवळच्याच ईडन प्रेरी गावची मराठी मंडळी. आमच्या रविवारच्या मराठी शाळेची जागा गेली होती, म्हणून मी टाय-बिय लावून तिला भेटायला गेलो. मी अतिशयोक्ती करणारा माणूस नव्हे, पण त्या दिवशी माझ्या मिशीवर जो बर्फ साठला तो घरी नेऊन मी दोन ग्लास सरबतात घातला. अशा थंडीत ही म्हातारी एकटी हॉलच्या पायऱ्यांवरचा बर्फ ओढत होती. मी फावडं मागितलं तर म्हणाली, "पोरा, तू दार धर." मी तेव्हा बावन्न वर्षांचा होतो.

आत नेऊन तिनं एकच प्रश्न विचारला. त्या शेजारच्यांना तुम्ही कधी घालवलंत? मी म्हटलं, सत्तेचाळीस साली. तिनं बोटांवर हिशोब केला आणि म्हणाली, "आम्ही बावीस साली. तुम्ही उशीर केलात. पण तुमचे पुरते गेले, आमचा वरचा तुकडा त्यांनी ठेवूनच घेतला." एवढ्यावर शाळेला जागा मिळाली. अमेरिकेत एवढा सोपा इंटरव्ह्यू माझा दुसरा झाला नाही.

तिच्या हातचा ब्रेड खायचा म्हणजे आधी लोणी खायचं. ब्रेडवर लोणी नव्हे, लोण्याखाली ब्रेड. एकदा देवधरनं आपलं कोलेस्टेरॉल सांगून पाहिलं. देवधर हा आमच्या शाळेचा खजिनदार, पुण्याचा, पेशानं ऑडिटर, आणि गेल्या तीस वर्षांत एकदाही खोटं न बोललेला त्रासदायक माणूस. नोरामावशीनं त्याच्या स्लाइसवर आणखी एक थर चढवला आणि लोण्याची गोष्ट सांगितली.

तिच्या आईच्या गावात शेतकऱ्यांची एक डेअरी होती. सारा गाव तिथं दूध घालायचा. आई तेव्हा सतरा वर्षांची. सायकलवर दुधाची किटली अडकवून जायची आणि किटलीच्या बुडाशी बंडखोरांच्या चिठ्ठ्या असायच्या. एक दिवस बंडखोरांनी रस्त्यावर सैनिकांची गाडी अडवली. त्याचा सूड म्हणून सैनिकांनी दुसऱ्या दिवशी डेअरी जाळली. दूध नासलं, डुकरांना घातलं, मग गाई विकल्या, मग पोरं बोटीवर बसली. आई इथं येऊन बड्या घरची भांडी घासू लागली. "गोळी घातली तर एक माणूस मरतो," नोरामावशी म्हणायची, "दूध घालायची जागा जाळली की गाव मरतं." हे मला कोणी समजावून सांगायला नको. मी सांगली जिल्ह्यातला, आमच्याकडे दूध संघाचा चेअरमन आमदाराला उभं ठेवतो.

आणि मग हॉलवरच संकट आलं. नियमच असा की लागोपाठ दोन वार्षिक सभांना एकवीस सभासद जातीनं हजर नसतील तर हॉल विकायचा. मागच्या सभेला सतराच आले होते. त्यातले पाच वर्षभरात देवाघरी गेले. उरले बारा, आणि त्यातल्याही दोघांना आपण गेलो की आहोत याची खात्री नव्हती. अध्यक्ष होता तिचा भाचा ब्रेंडन. माणूस वाईट नव्हता, थकला होता. तो म्हणे, मावशी, नव्वदीच्या बाईनं पायऱ्यांवरचा बर्फ ओढायचा आणि मी 'पडली' म्हणून येणाऱ्या फोनची वाट बघत बसायचं, हे किती दिवस? विकू, आणि तू माझ्याकडे ये. हॉल गेला असता तर नोरामावशीला जायला घर होतं, पण उठायला कारण उरलं नसतं.

तिनं काय करावं? हॉलची घटना काढली आणि सभासदत्वाचं कलम मला मोठ्यानं वाचायला लावलं. 'ज्याच्या घराला त्या राजसत्तेची झळ लागली आहे अशा कोणाही माणसाला, त्यानं सभेपुढे ते सांगितल्यावर, बहुमतानं सभासद करून घ्यावं.' पुन्हा वाच म्हणाली. दुसऱ्यांदा वाचताना माझ्या लक्षात आलं की त्यात आयरिश हा शब्दच नाही.

"तुला धरून मला नऊ माणसं आण," ती म्हणाली. "मेणाचे पुतळे नकोत, बोलणारी आण."

नऊ मराठी माणसं एका कामासाठी एका दिवशी एका वेळी आणणं म्हणजे काय, हे वाचकांना माहीत आहे. शिवाजी महाराजांनी ते केलं आणि त्यानंतर मी. शिवाय मी प्रत्येकाच्या आजोबाला थोडी पॉलिश केली. ज्याचे आजोबा प्रभातफेरीत गेले होते त्यांना मी दोन वर्षं तुरुंगात पाठवलं. माझ्या आजोबांनी बेचाळीसला तारा तोडल्या आणि घाबरून दोन दिवस उसात लपले, हे खरं. सभेत ते रेल्वेच्या इंजिनापुढे छाती काढून उभे राहिले आणि इंजिनच मागं सरकलं. देवधरला मी म्हटलं, तुझ्यासाठी मिठाचा सत्याग्रह राखून ठेवलाय.

"नको यार," तो म्हणाला. "उभा राहून खोटं बोललो की माझे पाय लटपटतात."

सभेच्या दिवशी आम्ही आठ जण टाळ्यांच्या गजरात सभासद झालो. आजोबांचं इंजिन मागं सरकलं तेव्हा नोरामावशी माझ्याकडे बघून नुसती खोकली. झाले वीस. एकविसावा देवधर. तो उठला, चष्मा पुसला, आणि म्हणाला की माझे पणजोबा सरकारचे मामलेदार होते. रावसाहेबकी मिळाली होती. समोरच्या घरातल्या शाळामास्तरांना त्यांनीच सत्याग्रहात धरून तुरुंगात धाडलं. मास्तर परत आले नाहीत. "आमच्या आजीला त्या आळीत कोणी हळदीकुंकवाला बोलवत नसे," देवधर म्हणाला. "सणाला ती नवं लुगडं नेसून दारात बसायची. आमच्या घरातून कोणी लढलेलं नाही. एवढंच आहे माझ्याकडे."

माझ्या मनात आलं, तीस वर्षांत याला एकदाही खोटं बोलता आलं नाही, निदान आज तरी? ब्रेंडननं फाइल मिटली आणि हळूच म्हणाला, मग वीसच होतात.

नोरामावशी उभी राहिली. खुर्चीचा आधार न घेता उभी राहिली, हे मी अजिबात फुगवून सांगत नाही.

"साठ वर्षं मी या हॉलमध्ये माझ्या आईची गोष्ट सांगते," ती म्हणाली. "तिच्या भावाची सांगितली नाही. माझा मामा त्यांच्या पोलिसात होता, त्याच गावात. डेअरी जळत होती तेव्हा तो दारावर पहारा देत होता. आईला त्याची पत्रं यायची, तिनं उत्तर दिलं नाही. ती गेल्यावर मला आली, मीही दिलं नाही. झळ लागलेलं घर कसं असतं ते या माणसानं आज सांगितलं. त्याला काढायचं असेल तर आधी मला काढा. आणि ब्रेंडन, तूही खुर्चीवरून ऊठ, तो तुझाही नातेवाईक."

हे मला कधी सांगितलं नाहीस, ब्रेंडन म्हणाला.

"तू कधी एवढा वेळ बसला नाहीस."

ब्रेंडननं मिटलेली फाइल पुन्हा उघडली. मग त्यानं मतदान पुकारलं, आणि पहिला हात त्याचाच वर गेला.

त्यानंतर कोरमची काळजी उरली नाही. कलम सगळ्यांना कळलं. उत्तर सोमालियातला एक टॅक्सीवाला आला, एक बाई सायप्रसची, एक जण जमैकाचा. ज्यांच्या राज्यावर सूर्य मावळत नव्हता त्यांनी आमच्या सभासदांची सोय आधीच जगभर करून ठेवली होती. नवीन माणूस बोलायला उभा राहिला की नोरामावशी त्याच्यापुढे लोण्याचा ब्रेड ठेवायची आणि सांगायची, "घरातलं सांग. पुतळ्यातलं नको." मीही तिच्यासमोर आजोबांना उसात परत पाठवलं, मुंग्यांसकट. ती इतकी हसली की शेजारच्या गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं.

पुढच्या ऑक्टोबरात ती हॉस्पिटलात गेली. मी भेटायला गेलो तेव्हा नाकात नळी होती आणि देवधरला पुढल्या सभेचा अजेंडा सांगणं चालू होतं. तो लिहून घेत होता आणि मध्येच चष्मा पुसत होता. चार दिवसांनी ती गेली.

जानेवारीत सभा भरली. चौतीस जण जातीनं हजर. ब्रेंडन अध्यक्ष, देवधर सेक्रेटरी. त्यानं हॉस्पिटलात लिहून घेतलेला तो कागद काढून वाचला. विषय पहिला: नोरा यांना श्रद्धांजली, दोन मिनिटं, भाषणं नकोत. विषय दुसरा: उत्तरेकडचं छप्पर गळतं.

आम्ही उभे राहिलो. दोन मिनिटं झाली, ब्रेंडनला बसा म्हणवेना. शेवटी देवधरच खाकरला आणि म्हणाला, "विषय दुसरा."

आम्ही खाली बसलो आणि छप्पर घेतलं.