टपावरचा नमुना

"इन्फ्लुएंझा ए पॉझिटिव्ह." नंदुरबारच्या वॉर्डात डॉक्टरांनी माझ्या बायकोचा, सुमनचा, रिपोर्ट वाचला. आजाराचं नाव कळायला चार दिवस लागले. त्यातले दोन माझ्यामुळे गेले.

मी नमुन्यांच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. नवापूरकडच्या दवाखान्यांतले स्वॅब, म्हणजे नाक-घशातून काडीवर घेतलेला स्राव, बर्फाच्या डब्यातून जिल्ह्याच्या लॅबला पोचवतो. डबा पुढच्या सीटवर ठेवायचा असतो. पण विसरवाडी फाट्यावर कुणीतरी ओळखीचं पुढच्या सीटवर बसायला हात करतंच. "भाऊ, तो शेंबूडना डबा पहिले वर टाक," म्हणायचे. किळस मलाही होती. मी तो टपावर बांधायचो.

सुमनला ताप आला, धाप लागली. तिचा स्वॅब घेतला त्या दिवशीही बांधला. आत तिची नळी आहे हे मला माहीत होतं. बर्फाचं पाणी काचेवर ओघळायला लागलं, तेव्हा मी वायपर फिरवला.

रिपोर्ट आला, इनव्हॅलिड. म्हणजे आजार आहे की नाही, काहीच सांगता येत नाही. लॅबच्या मॅडमनी समजावलं, आरटी-पीसीआरमध्ये विषाणूचा बारीकसा अंश मशीनमध्ये वाढवून बघतात. उन्हात तो नासतो.

"आधी माणसाच्या पेशीची खूण शोधतो आम्ही. या नळीत तीही नाही. डबा तापला होता का?"

मी "नाही" म्हणालो.

पुन्हा स्वॅब, पुन्हा वाट. डॉक्टर फ्लूची गोळी द्यायला रिपोर्टसाठी थांबले होते, आणि ती गोळी जितकी लवकर तितकी चांगली. सुमनला ऑक्सिजन लावला. बाहेरच्या बाकावर मला तिचा खोकला ऐकू यायचा. उठून हात धुवायचो. स्वतःच्याच हातांची शिसारी यायची.

गोळीने तिसऱ्या दिवशी उतार पडला. मास्क निघाल्यावर मी तिला सगळं सांगितलं.

"मन्हा डबा बी उनमाच बांधा व्हता?"

"हां."

"आन् सीटवर कोन बठेल व्हतं?"

मला आठवेना.

दुसऱ्या दिवशी मॅडमकडे जाऊन खरं सांगितलं. त्यांनी विचारलं, "याआधीचे किती?" ते मी कधी मोजलेच नव्हते. तरी त्यांनी मला कामावरून काढलं नाही, आणि सुमन घरी आली. हे दोन्ही उपकार माझ्या लायकीपेक्षा जास्त आहेत.

तुमच्या माणसाचा स्वॅब घेतला, तर डबा नेणाऱ्याला विचारा, कुठे ठेवणार. त्याला राग येईल. येऊ द्या.